तान्ह्या मुलांच्या वर्गात नाताळची हस्तकला: आधी रंग, मग कात्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्गात सहा महिन्यांपासून पावणेदोन वर्षांपर्यंतची मुलं, सांभाळायला तुम्ही आणि एक मदतनीस मावशी. नाताळच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलाच्या हातचं काहीतरी घरी जायला हवं, बोर्डही सजायला हवा. मुख्याध्यापिकाबाईंना सगळ्यांचं एकसारखं हवंय. मोबाइलवर जे सापडतं ते तीन-चार वर्षांच्या मुलांचं असतं आणि शेवटी सगळं तुम्हालाच रात्री बसून चिकटवावं लागतं.

मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांबरोबर काम करते. माझं उत्तर एका ओळीत सांगायचं तर, क्रम उलटा करा. आपण आधी झाड काढतो, मग बाळाचा हात धरून त्यात रंग भरायला जातो. सात महिन्यांच्या मुलाला त्या झाडाच्या रेषेशी काही देणंघेणं नसतं. त्याला ओलं, गार, घसरणारं काहीतरी हाताखाली आलंय एवढंच कळतं आणि ते त्यावर थापट्या मारतं. म्हणून बाळाला कोऱ्या कागदावर मनासारखं थोपटू द्या. कागद वाळला की त्याच्यातून झाड, चांदणी, झाडाला टांगतात तसा गोळा, सांताचा पायमोजा, जे हवं ते तुम्ही कापा. बाईंना हवा तो सारखेपणा आकारातून मिळतो आणि आतला रंग ज्याचा त्याचा राहतो. एकाच साच्यातून कापलेली दहा-बारा झाडं बोर्डावर फार देखणी दिसतात. पालकही आपल्या मुलाचं झाड शोधत उभे राहतात, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं.

आता रंगांचं. नाताळ म्हटलं की आपण लाल आणि हिरवा काढतो आणि तिथेच सगळं फसतं. लाल आणि हिरवा एकत्र झाले की तपकिरी चिखल होतो, आणि बाळ रंग एकत्र केल्याशिवाय राहतच नाही. एका कागदाला एकच जोडी द्या आणि ती मिसळली तरी चांगली दिसेल अशी निवडा: हिरवा आणि पिवळा, लाल आणि पिवळा, निळा आणि पांढरा, लाल आणि पांढरा. लाल-हिरवा मेळ हवाच असेल तर तो बोर्डावर साधा. हिरव्या कागदांची झाडं कापा, लाल कागदांचे गोळे. एवढ्या एका गोष्टीने निम्मा कचरा वाचतो.

पिशवीतला रंग

सर्वांत लहान मुलांसाठी, म्हणजे जी अजून धड बसत नाहीत त्यांच्यासाठी, मी दरवर्षी यापासूनच सुरुवात करते. जाड कार्डशीटचा तुकडा झिपलॉकच्या मोठ्या पिशवीत सरकवा. त्यावर रंगाचे तीन-चार थेंब टाका, नाण्याएवढे, त्याहून मोठे नकोत. हवा काढून पिशवी बंद करा. मग चारही कडा रुंद चिकटपट्टीने जमिनीला किंवा चटईला चिकटवा. झिपवर विसंबू नका, ती बाळाच्या गुडघ्याखाली उघडते. पिशवी सुटी तर अजिबात ठेवू नका. प्लॅस्टिकची पिशवी तोंडावर बसली की श्वास कोंडतो, म्हणून ती चारी बाजूंनी चिकटलेली असली पाहिजे आणि तुम्ही हाताच्या अंतरावर असलं पाहिजे.

बाळाला पोटावर झोपवा, पिशवी हातांच्या टप्प्यात येईल अशी. आधी ते नुसतं बघतं. मग एक थापटी पडते, रंग पसरतो आणि बाळ थबकतं. हाताखालचा ठिपका पळाला हे त्याला कळलेलं असतं. पुढची थापटी जाणूनबुजून असते. ही दोन-तीन मिनिटं बघण्यासारखी असतात, तेव्हा फोटोसाठी त्याचा हात हलवायला जाऊ नका.

खेळ संपला की कार्ड लगेच बाहेर काढा. अर्धा तास आत राहिलं की ते पिशवीला चिकटतं आणि ओढताना रंगाचा थर उचलला जातो. पिशवीची एक बाजू कात्रीने पूर्ण कापून ती पुस्तकासारखी उघडा, म्हणजे रंग पुसला जात नाही.

पावलांचे ठसे

पालकांना सगळ्यात जास्त आवडतं ते हेच आणि सगळ्यात जास्त रडारड होते तीही इथेच. एक वर्षाच्या आतल्या मुलांच्या हाताचे ठसे घेण्याचा आग्रह सोडून द्या. मूठ आपोआप मिटण्याची जन्मजात क्रिया साधारण पाच-सहा महिन्यांत ओसरते, पण त्यानंतरही हाताला काही ओलं लागलं की बाळ ते पकडायलाच बघतं. तुम्ही बोटं सरळ करायला जाता, ते आणखी घट्ट आवळतं. हातच हवा असेल तर मुठीच्या पाठीवर, मनगटापासून बोटांकडे, हलकेच हात फिरवा. मूठ सैल होते. नाही झाली तर त्या दिवशी राहू द्या.

पाऊल सोपं, पण त्याचीही एक खोड आहे. बोटांच्या मुळाशी दाब पडला की तान्ह्या बाळाची बोटं आत वळतात आणि ही सवय पहिल्या वर्षाच्या शेवटापर्यंत असू शकते. म्हणून पाऊल कागदावर दाबलं की बोटांच्या जागी नुसता एक डाग उमटतो. मी हे असं करते: मावशींच्या मांडीवर बाळ, पाठ त्यांच्या छातीला टेकलेली. कागद पुठ्ठ्यावर क्लिपने लावलेला. तळव्याची बाहेरची कड टाचेकडून करंगळीच्या दिशेने बोटाने हळूच चोळायची. या वयात तसं केलं की बोटं पंख्यासारखी फुलतात. त्याच क्षणी पुठ्ठा पावलाकडे न्यायचा, आधी टाच टेकवायची, मग बोटांकडे लोळवत नेऊन उचलायचा. पाऊल जागच्या जागी राहतं, हलतो तो कागद. एका ठशाला पाच सेकंदही लागत नाहीत.

रंग ब्रशने नको, गुदगुल्या होतात आणि पाय मागे जातो. मऊ स्पंजने पातळ थर द्या. रंगाची वाटी आधी कोमट पाण्यात ठेवा. गार रंग लागला की दचकून रडणारी मुलं कोमट रंगाला शांत असतात. ओला रुमाल आधीच हातात असू द्या, नाहीतर तो घ्यायला वळता तेवढ्यात पाऊल तुमच्या ओढणीवर. पहिला ठसा रद्दीवर घ्या. त्यात जास्तीचा रंग निघून जातो आणि दुसरा स्वच्छ उमटतो.

ठशाचं पुढे काय करायचं? तपकिरी पाऊल टाच खाली करून ठेवलं की रेनडिअरचं तोंड होतं. टाचेवर लाल ठिपका, मध्ये दोन डोळे, बोटांच्या वर पेनाने शिंगं. हिरवं पाऊल उलटं, टाच वर, म्हणजे झाड. टाचेवर चांदणी, बोटांच्या खाली खोडाची एक रेघ. गडद निळ्या कागदावर पांढरा ठसाही छान दिसतो, त्याला तर काहीच जोडावं लागत नाही. डोळे पेनानेच काढा. चिकटवायचे हलते डोळे या वर्गात आणूच नका, का ते पुढे येईलच.

झोपलेल्या बाळाचा ठसा घेण्याची युक्ती बरेचजण सुचवतात. मला ती पटत नाही. गाढ झोपेतून ओल्या पायाने जागं होणं कोणालाच आवडणार नाही. शिवाय, ज्यात बाळ हजरच नव्हतं त्याला त्याच्या हातचं काम कसं म्हणायचं?

चिकट कागद

बसणाऱ्या-रांगणाऱ्या आणि धरून उभं राहणाऱ्या मुलांसाठी याला तोड नाही. पुस्तकांना कव्हर घालायला जो पारदर्शक चिकट कागद मिळतो, त्याचा मोठा तुकडा खिडकीच्या काचेवर किंवा भिंतीवर, चिकट बाजू आपल्याकडे करून, कडांना टेपने लावा. उंची मुलांच्या छातीएवढी. जवळ टोपलीत कापडाचे आणि फेल्टचे तुकडे ठेवा, प्रत्येक तुकडा मुलाच्या तळहातापेक्षा मोठा. लाल, हिरवे, पांढरे, थोडे खरखरीत, थोडे मखमली.

तुम्हाला वाटेल, मुलं चिकटवतील. ती काढतात. लावलेला तुकडा ओढताना जो चर्र आवाज येतो तो त्यांना हवा असतो. काढू द्या, कारण काढायलाही अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते आणि ती साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात जमायला लागलेली असते. दिवसभर कागद तसाच ठेवा. जाता-येता मुलं लावतील, काढतील. संध्याकाळी जे उरलं असेल त्यावर दुसरा चिकट कागद बसवा आणि मोठे गोळे कापा.

क्रेप पेपर आणि पतंगी कागद यासाठी घेऊ नका. ओले झाले की त्यांचा रंग सुटतो आणि या वर्गात प्रत्येक वस्तू ओली होतेच. लाल क्रेप चघळलेल्या मुलाचं तोंड बघून पालकांची काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको.

चालणाऱ्यांसाठी डबा हलवणं

सव्वा-दीड वर्षाच्या मुलाला एका जागी बसवून रंगवायला लावणं म्हणजे दोघांची परीक्षा. त्याला डबा द्या. रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत आतल्या बाजूने कागद गुंडाळून बसवा, रंगाचे थेंब टाका, त्याच्या मुठीपेक्षा मोठा एक चेंडू टाका, झाकण लावून वरून टेप फिरवा. मूल ती हलवतं, लोळवतं, आपटतं, दुसऱ्याला देतं. आत रेषांचं जाळं तयार होतं. कागद बाहेर काढताना मूल समोर असू द्या. आपण काहीतरी केलं आणि त्याचं काहीतरी झालं, हा संबंध या वयात नुकता कळू लागलेला असतो. त्यातून चांदण्या कापा, रेघांमुळे त्या उठून दिसतात.

याच मुलांना जाड खडू आणि जमिनीला चिकटवलेला मोठा कागदही पुरतो. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून ठोकणं जमतं, पण स्पंज ताजा आणि मोठा असावा. फाटका स्पंज मुलं दातांनी तोडतात.

रंग कोणता

पाकिटावर ‘विषारी नाही’ लिहिलं म्हणजे ते खायचं झालं असं नाही. तोंडात गेलं तर इजा होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. युरोपात बोटांनी वापरायच्या रंगांना ईएन ७१ मानकाचा सातवा भाग लागू होतो आणि त्यानुसार अशा रंगात मुद्दाम कडू चव घालतात, म्हणजे मूल दुसऱ्यांदा चाटत नाही. ठशांसाठी असा तपासलेला, पाण्याने धुतला जाणारा रंग घ्या.

नुसत्या खेळासाठी, जिथे रंग तोंडात जाणार हे गृहीतच आहे, मी घरी रंग करते. अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं, मग एकूण दोन वाट्या पाणी होईल असं बाकीचं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. मिश्रण दाटून काचेसारखं दिसायला लागलं की उतरवायचं. पूर्ण गार झाल्यावर भाग करून खाण्याचा रंग घालायचा. फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवायला हरकत नाही, तिसऱ्या दिवशी टाकून द्या. बीटचा रस ताजा असताना सुंदर गुलाबी दिसतो, पण उजेडात फिका पडतो, म्हणून जपून ठेवायच्या कामाला तो चालत नाही. कच्च्या पिठाचे रंग किंवा कणकेचे गोळे मात्र देऊ नका. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, म्हणून मी शिजवूनच करते. एक वर्षाच्या आतल्या मुलांच्या कुठल्याही मिश्रणात मध नको.

सुरुवातीलाच पालकांना दोन गोष्टी विचारा: कशाची अ‍ॅलर्जी आहे का आणि त्वचेला इसब किंवा चिरा आहेत का. असतील तर त्या मुलाला पिशवीतला रंग आणि चिकट कागद द्या, त्याचं काही अडत नाही.

वर्गात काय आणू नये

हलते डोळे, पॉमपॉम, मणी, घुंगरं, कापसाचे छोटे गोळे, टिकल्या: सगळं घशात अडकण्याच्या मापाचं. टॉयलेट रोलची आतली पुठ्ठ्याची नळी जवळ ठेवा. जी वस्तू त्यातून आरपार जाते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात नको. नळी ही सोपी चाळणी आहे, पण मऊ वस्तू आणि लहान गोल चेंडू यांच्या बाबतीत त्याहूनही कडक राहा. फुगे तर नकोच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटून बसतो.

चमकी डोळ्यात गेली की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडे पडू शकतात. चमचम हवीच असेल तर ती जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, पाण्यात, झाकण गोंदाने कायमचं बंद करून. रोज सकाळी झाकण पिरगाळून बघायचं.

मीठ-मैद्याच्या कणकेचे ठसे फार लोकप्रिय आहेत आणि मला त्यांची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. त्यात मिठाचं प्रमाण प्रचंड असतं. लहान मुलाने तुकडा खाल्ला तर रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि वाळलेला ठसा दिसतो मात्र बिस्किटासारखा. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात-पाय बुडवून साचा घेणं तर कधीच नाही. ते घट्ट होताना तापतं आणि चटका, मोठी भाजसुद्धा होऊ शकते.

गाणी वाजवणारी कार्डं आणि लुकलुकणाऱ्या छोट्या मेणबत्त्या पालक हौसेने आणून देतात. त्यांच्यात बटणासारखा सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांतच खोल जखम होऊ शकते. अशी वस्तू दारातच परत करा, वाईट वाटलं तरी चालेल. लांब दोरे आणि चमचमत्या माळाही मुलांच्या टप्प्यात नकोत. लटकवायचा दोरा वीतभरापेक्षा छोटा ठेवा आणि तो घरी जाताना बांधा. शोभेची खरी फळंपानं आणली असतील, विशेषतः हॉली आणि मिसलटो, तर ती मुलांच्या खोलीबाहेर. त्यांची फळं पोटात गेली तर त्रास होतो.

वेळ आणि माणसं

एका वेळी एकच मूल. तुम्ही क्राफ्टपाशी, मावशी बाकीच्यांपाशी. कोणी तिसरं मिळालं तर पुसायला. दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झालेला आणि झोपेला अवकाश असलेला वेळ निवडा. लहानग्यांना तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. तोंड फिरवलं, हात मागे घेतला, ओठ काढले की थांबायचं. रडतं मूल धरून घेतलेला ठसा कागदावरही ओळखू येतो, तो फरफटलेला असतो.

काही मुलांना ओलं काही हाताला लागलेलं अजिबात खपत नाही. त्यांचं मन वळवण्याच्या भानगडीत पडू नका. पिशवी आणि बरणी त्यांच्यासाठीच आहेत.

कामाला किमान तीन आठवडे आधी लागा. पहिल्या आठवड्यात पिशव्या आणि बरण्या, दुसऱ्यात पावलं, तिसऱ्यात कापाकापी आणि गैरहजर राहिलेल्यांचं राहिलेलं काम. कागद कोरा असतानाच मागे पेन्सिलीने नाव, तारीख आणि वय महिन्यांत लिहून ठेवा. वाळल्यावर सगळी हिरवी पावलं सारखीच दिसतात आणि कुणाच्या घरी कुणाचं पाऊल गेलं हे निस्तरणं फार अवघड.

ज्या घरी नाताळ साजरा होत नाही त्यांना आधीच विचारा. चांदणी, बर्फाचा कण, पक्षी असे आकार बहुतेकांना चालतात आणि कागद तर आधीच रंगवून झालेला असतो, फक्त कात्री वेगळी फिरवायची.

राहिला प्रश्न बाईंचा. त्यांना शब्दांनी पटवू नका, एकाच साच्यातून कापलेली तीन झाडं नेऊन दाखवा, तीन वेगळ्या मुलांच्या कागदांतली. बोर्डाखाली एक छोटी चिठ्ठी लावा: ‘रंग मुलांचे, कात्री ताईंची.’ पालकांना ते आवडतं आणि ‘एवढं सुबक आमच्या बाळाने केलं?’ या प्रश्नालाही परस्पर उत्तर मिळतं. बोर्ड मात्र मुलांच्या हाताच्या वर लावा आणि टाचण्यांऐवजी टेप वापरा. खालच्या पट्टीत, त्यांच्या नजरेच्या उंचीला, चिकट कागदात बंद केलेले गोळे लावा. ते चाटले, ओढले, थोपटले तरी चालतात. टेपच्या कडा मात्र रोज बघा, कारण सुटलेली कड सापडली की दुपारपर्यंत अख्खा गोळा कुणाच्या तरी तोंडात असतो.